‘होम’ आणि ‘होन’ : एका अक्षराची दुरुस्ती

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर गेल्या आठवड्यात इंग्रजी वाक्प्रचारांची जी चौकट प्रसिद्ध झाली, तिच्यात ‘होन इन ऑन’ हा वाक्प्रचार देऊन त्याचा अर्थ ‘धार लावल्याप्रमाणे एखाद्या गोष्टीवर लक्ष एकवटणे’ असा सांगितला होता, आणि ‘होन म्हणजे धार लावणे, म्हणून हा अर्थ’ अशी व्युत्पत्तीही खाली जोडली होती. ‘होन’ म्हणजे धार लावणे, हे खरे आहे. परंतु हा वाक्प्रचार त्या शब्दापासून निघालेला नाही. तो ‘होम’पासून, म्हणजे घरापासून निघालेला आहे आणि त्याचे मूळ रूप ‘होम इन ऑन’ असे आहे. अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवले. आपली चौकट कापून वहीत चिकटवणारी मुले मी पाहिली आहेत, आणि वहीत एकदा डिंकाने बसलेली चूक डोक्यातून निघायला किती वर्षे लागतात तेही पाहिले आहे. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

मराठी माणसाला हे दोन उच्चार वेगळे ठेवणे अवघड जाऊ नये, कारण आपल्या भाषेत दोन्ही शब्द आधीपासून नांदत आहेत. होम म्हणजे अग्नीत आहुती देण्याचा विधी, आणि होन म्हणजे सोन्याचे नाणे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांनी पाडलेला होन पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतो. होमात समिधा पडतात आणि होन थैलीत पडतात, याविषयी आपल्या मनात कधी गोंधळ होत नाही. इंग्रजीतले ‘होम’ आणि ‘होन’ हेही एकमेकांपासून इतकेच दूरचे आहेत. फक्त त्यांना जोडून ‘इन’ आले की ते सारखे ऐकू येतात, आणि सगळा घोळ तेथून सुरू होतो.

‘होम’ हा शब्द आपण नाम म्हणून शिकतो व शिकवतो. पण इंग्रजीत त्याचे क्रियापद अठराव्या शतकापासून आहे आणि त्याचा साधा अर्थ ‘घरी जाणे’ असा होता. एकोणिसाव्या शतकात ते कबुतरांना लागू झाले. निरोप्या जातीचे कबुतर पेटीत घालून शेकडो किलोमीटर दूर, कधीही न पाहिलेल्या मुलखात नेऊन सोडले, तरी ते आकाशात एक-दोन घिरट्या घेते आणि आपल्या खुराड्याची दिशा धरते. सूर्याची जागा, पृथ्वीचे चुंबकत्व, वाऱ्यावरून येणारे वास आणि ओळखीच्या खाणाखुणा यांच्या मेळातून ते हे साधते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. ही गोष्ट परदेशातलीच आहे असेही नाही. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून कितीतरी दशके अशी कबुतरे निरोपासाठी पाळली होती, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्यावर ती कामाला आली. कबुतराच्या या घरओढीसाठी इंग्रजीत ‘होमिंग’ हा शब्द रुळला.

पुढे विमाने आली. १९२० च्या दशकात रेडिओच्या खुणेचा माग धरून विमान तळाकडे आणण्याची सोय झाली, तेव्हा वैमानिकांनी कबुतराचाच शब्द उचलला. दुसऱ्या महायुद्धात तो शस्त्रांकडे गेला : शत्रूच्या जहाजाच्या पंख्याचा पाण्यातला आवाज ऐकत त्याच्यावर जाऊन आदळणारे पाणतीर जर्मनी आणि अमेरिका या दोघांनीही १९४३ मध्ये वापरात आणले आणि त्यांनाही ‘होमिंग’ हेच विशेषण लागले. येथे घराचा अर्थ जवळजवळ संपलेला आहे, हे खरे. शत्रूचे जहाज काही पाणतिराचे घर नव्हे. पण खुणेचा माग धरत, दिशा सुधारत, शेवटी एकाच ठिकाणी जाऊन पोहोचणे हा गाभा मात्र तसाच टिकला. आज ‘द पोलीस होम्ड इन ऑन वन सस्पेक्ट’ असे म्हणतात तेव्हा तोच गाभा अभिप्रेत असतो. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशसंस्थेच्या नोंदींप्रमाणे ‘होम इन ऑन’ हे पूर्ण रूप १९५१ साली विमानविद्येच्या संदर्भात छापलेले सापडते आणि लाक्षणिक अर्थाने १९५६ मध्ये. म्हणजे वाक्प्रचार काही फार जुना नाही. माझ्या पिढीच्याच आगेमागे जन्मलेला आहे.

वर्गात हा अर्थ समजावताना मला कबुतरापेक्षा रेल्वेचा अधिक उपयोग होत असे. आमचे गाव सुरत–भुसावळ मार्गावर आहे आणि वर्गातल्या दोन-चार मुलांचे वडील तरी रेल्वेत असायचेच. ‘गाडी औटरला उभी आहे’ हे वाक्य खानदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाहेरच्या सिग्नलनंतर जो सिग्नल पडला की गाडी फलाटाकडे आत येते, त्याला रेल्वेवाले ‘होम सिग्नल’ म्हणतात. या सिग्नलचा आपल्या वाक्प्रचाराशी जन्मसंबंध नाही, हे मी मुलांना बजावून सांगत असे. नाहीतर आणखी एक खोटी व्युत्पत्ती माझ्याच तोंडून निघायची. पण ‘होम’ म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, जिथे पोहोचायचे ते ठिकाणही ‘होम’, एवढे त्यातून मुलांना नेमके उमगे.

आता ‘होन’. हा शब्द पुष्कळ जुना आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘दगड’ असा होता, मग तो धार लावायच्या दगडासाठी वापरला जाऊ लागला आणि त्यावरून वस्तरा, चाकू इत्यादींना बारीक धार देण्याची क्रिया म्हणजे ‘होन’ झाली. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापणीला आली की आमच्याकडे घराघरांतून ‘इयाले (विळ्याला) धार लाव’ असे ऐकू येते, तीच ही क्रिया. लाक्षणिक अर्थाने इंग्रज माणूस आपले कौशल्य, आपली लेखनशैली, आपला युक्तिवाद ‘होन’ करतो, म्हणजे घासून घासून अधिक तल्लख करतो. मराठीत आपण विळा पाजळतो, तशी बुद्धीही पाजळू शकलो असतो. पण ‘अक्कल पाजळणे’ याला आपल्याकडे इतका खवचट अर्थ चिकटला आहे की सभ्य माणसाने तो प्रयोग स्वतःविषयी करू नये.

माझ्या मते या वादाचा निकाल इतिहासापेक्षा व्याकरण अधिक स्पष्टपणे देते, आणि आपल्या चौकटीत नेमका हाच भाग सुटला आहे. ‘होन’ हे सकर्मक क्रियापद आहे. धार कशाला लावली, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतोच आणि वाक्यात त्याचे उत्तर असावे लागते : वस्तऱ्याला, कौशल्याला, युक्तिवादाला. ‘शी होन्ड हर स्किल्स’ हे वाक्य पूर्ण आहे, कारण धार कशाला लावली ते त्यात सांगितले आहे. उलट ‘होम’ हे या अर्थाने अकर्मक आहे. कबुतर कशाला काही करत नाही, ते स्वतः कोठेतरी जाते, आणि कोठे जाते ते दाखवण्यासाठी ‘इन ऑन’ ही शब्दयोगी अव्ययांची जोडी लागते. आता ‘द कमिटी होन्ड इन ऑन द प्रॉब्लेम’ हे वाक्य घ्या आणि प्रश्न विचारा : समितीने धार कशाला लावली? समस्येला लावली असेल तर समितीविषयीच शंका घ्यावी लागेल. आणि समस्येला लावली नसेल, तर वाक्यात धार लावण्याजोगे दुसरे काहीही नाही. गतिवाचक ‘इन ऑन’ या शब्दांना स्थिर दगडाशी काही काम उरत नाही. चौकटीतील ‘धार लावल्याप्रमाणे लक्ष एकवटणे’ हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे, पण लक्षाला धार लावणे निराळे आणि लक्ष एका जागी नेणे निराळे. वाक्य दुसरी गोष्ट सांगत असताना स्पष्टीकरण पहिलीविषयी बोलते.

असे असूनही ‘होन इन’ लिहिणारे अडाणी असतात, असा समज कोणी करून घेऊ नये. या रूपाचा छापील पुरावा अमेरिकेत १९६५ पर्यंत मागे जातो. १९८० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडताना थोरल्या जॉर्ज बुश यांनी आपण मुद्द्यांवर ‘होनिंग इन’ करत आहोत असे म्हटले. मेरी मॅक्ग्रोरी या स्तंभलेखिकेने ते टिपले आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषाविषयक सदर चालवणारे विल्यम सफायर यांनी ‘होन इन ऑन’ हे ‘होम इन ऑन’चे गोंधळलेले रूप आहे, असा निर्वाळा दिला. बुश पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले, मग राष्ट्राध्यक्षही झाले. तेव्हा या चुकीने कोणाचे नुकसान होते असे काही म्हणता येत नाही.

चूक होते ती कानामुळे. ‘म’ आणि ‘न’ हे दोन्ही नाकातून येणारे वर्ण, आणि पुढे ‘इन’ लागल्यावर त्यातल्या ‘न’ची छाया मागे पडून ‘म’ अधिकच दबतो. टेलिफोनवर नाव सांगताना आपण ‘एम फॉर मुंबई, एन फॉर नाशिक’ असे का म्हणतो, याचे कारण हेच. कानाने ऐकलेले हाताने लिहिताना बदलते, हे खानदेशातल्या शिक्षकाला निराळे सांगायला नको. अहिराणी आणि लेवा बोली बोलणाऱ्या घरांतून येणारे मूल ‘डोया’, ‘केयी’, ‘काया’ असे ऐकत वाढते. पहिली-दुसरीत ते ‘डोळा’च्या जागी ‘डोया’ लिहिते, तेव्हा त्याचा कान चुकलेला नसतो, उलट तो फार प्रामाणिक असतो. मी आयुष्यात कोणा मुलाला ‘ळ’साठी मारले नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. मात्र ‘ळ’ शिकवल्याशिवाय पुढेही सोडले नाही.

अशा चुकांमागे केवळ कान नसतो, डोकेही असते. ऐकलेला शब्द नीट समजला नाही की माणूस त्याच्या जागी आपल्याला कळणारा, अर्थाने बसणारा दुसरा शब्द घालतो. ओक वृक्षाच्या फळाला इंग्रजीत ‘एकॉर्न’ म्हणतात. अंड्यासारखा आकार पाहून कोणी तरी त्याला ‘एग-कॉर्न’ म्हणून टाकले, आणि त्या उदाहरणावरून भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ मध्ये अशा सगळ्या अर्थपूर्ण चुकांना ‘एगकॉर्न’ हेच नाव सुचवले. ‘होन इन’ हा त्या कुळातलाच आहे. तो बोलणाऱ्याला कबुतर ठाऊक नसते, धार ठाऊक असते.

आपण हसू नये, कारण आपल्याच वृत्तपत्रांतून हे कुळ रोज भेटते. ‘अंतर्धान पावणे’ म्हणजे दिसेनासे होणे. पण देव आणि ऋषी अदृश्य होतात म्हटल्यावर ध्यानाचा संबंध असणारच असे वाटून कितीतरी जण ‘अंतर्ध्यान’ लिहितात. ‘अनावृत’ पत्र म्हणजे न झाकलेले, उघडे पत्र. ते छापताना ‘अनावृत्त’ होते आणि मग त्याचा अर्थ ‘पुन्हा न झालेले’ असा काहीतरी निघतो. नागरिकांना सहकार्याचे ‘आवाहन’ करायचे असते आणि बातमीत ‘आव्हान’ केले जाते, म्हणजे विनंतीच्या जागी दंड थोपटले जातात. आणि प्रस्तुत विषयाच्या सर्वांत जवळची जोडी म्हणजे ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’. लक्ष केंद्रित करायचे असते, लक्ष्य गाठायचे असते. ‘अभ्यासावर लक्ष्य केंद्रित करा’ असा फलक मी एका शिकवणीवर्गाच्या दारावर वर्षभर पाहिला; शेवटी आत जाऊन सांगितले, तर तेथील तरुणाने अत्यंत नम्रपणे चहा पाजला आणि फलक तसाच ठेवला.

चुका रुळतात, हेही कबूल करायला हवे. इंग्रजीतला ‘एप्रन’ हा मूळचा ‘नेप्रन’. ‘अ नेप्रन’ म्हणता म्हणता त्याचा ‘न’ आधीच्या ‘अ’ला जाऊन मिळाला आणि मागे ‘एप्रन’ उरला. आपले ‘नारंग’ फारसी-अरबीतून युरोपात गेले आणि वाटेत कोठे तरी ‘न’ गमावून ‘ऑरेंज’ झाले. मराठीत ‘पाश्चात्त्य’ला ‘पौर्वात्य’च्या नमुन्यावर ‘पाश्चिमात्य’ करणारे आता इतके झाले आहेत की तो शब्द चूक म्हणण्याचा उत्साह माझ्यातही उरलेला नाही. ‘होन इन’ही कदाचित त्याच वाटेने जाईल. मेरियम-वेबस्टरच्या कोशात त्याला जागा मिळालेली आहे. परंतु तोच कोश पुढे असेही सांगतो की लेखनात हे रूप वापरलेत तर ती चूक मानली जाण्याचा संभव मोठा आहे, आणि त्यापेक्षा ‘होम इन’ किंवा ‘झीरो इन’ वापरावे. कोशात शब्द सापडला म्हणजे त्याला परवाना मिळाला, असे मानणाऱ्यांनी नोंदीखालची टीपही वाचावी.

विद्यार्थ्यांना याचा व्यावहारिक उपयोग असा की मुलाखतीच्या अर्जात ते ‘आय वाँट टू होन इन माय स्किल्स’ असे लिहितात. माझ्याकडे तपासायला आलेल्या अर्जांत हे वाक्य मी इतक्या वेळा खोडले आहे की आता हात आपोआप चालतो. येथे ‘होन’ बरोबर आहे, चुकला आहे तो ‘इन’. कौशल्याला धार लावायची तर ‘होन माय स्किल्स’ एवढे पुरे. ‘इन’ची गरज ‘होम’ला असते.

‘होम इन’च्या शेजारचे शब्दही त्याच चौकटीत समानार्थी म्हणून एका ओळीत दिले होते, ते तितके समानार्थी नाहीत. ‘नॅरो डाउन’ म्हणजे पर्याय कमी करत जाणे. बैलबाजारात दहा जोड्या पाहून शेतकरी तीन जोड्यांवर येतो, ते ‘नॅरो डाउन’. अजून एकही जोडी घेतलेली नाही. ‘झीरो इन’ सैनिकी आहे. बंदुकीची माशी जुळवून नेम अचूक बसवण्यावरून तो आला. ‘होम इन’मध्ये मात्र खुणेवरून खुणेकडे जाणारा प्रवास असतो. पावसाळ्याच्या रात्री गावाची वीज गेली की वायरमन आधी फीडर पाहतो, मग कोणत्या डीपीपर्यंत वीज येते ते तपासतो, मग एकेक खांब सोडत जातो आणि शेवटी एका फुटलेल्या इन्सुलेटरपाशी येऊन थांबतो. हे ‘होम इन’चे माझ्या पाहण्यातले सर्वांत चांगले उदाहरण आहे. मराठीत त्याला ‘माग काढत नेमक्या जागी पोहोचणे’ म्हणावे. ‘नेमके बोट ठेवणे’ यात शेवट येतो, प्रवास येत नाही.

राहिला ‘फोकस’. तो आता मराठीच झाला आहे, इतका की आमच्या गावचा शिंपीही ‘कटिंगवर फोकस’ करतो. पण त्याचा मूळ लॅटिन अर्थ किती जणांना ठाऊक असेल? ‘फोकस’ म्हणजे चूल. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०४ मध्ये प्रकाशविषयक ग्रंथात हा शब्द भूमितीतील नाभीबिंदूसाठी वापरला. भिंगातून एकवटलेले किरण जेथे जाळ करतात ती जागा म्हणजे चूल, अशी ही कल्पना असावी, असे मानतात. लक्ष एका जागी नेण्याचा एक शब्द घरावरून यावा आणि दुसरा घरातल्या चुलीवरून, ही गंमत त्या चौकटीत आली असती तर मुलांना धारेच्या दगडापेक्षा अधिक आवडली असती, असे मला वाटते.

माझी विनंती एवढीच आहे की पुढील अंकात त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत, अशी दुरुस्ती छापावी : ‘होम इन ऑन : माग काढत नेमक्या गोष्टीपर्यंत पोहोचणे, तिच्यावर लक्ष एकवटणे. होन : धार लावणे, कौशल्य अधिक तल्लख करणे, या शब्दाला जोडून इन लावू नये.’ कोपऱ्यातील बारीक टाइपातली दुरुस्ती मुले कापत नाहीत. आणि मुद्रितशोधकांना माझ्या वतीने सांगावे की या पत्रातील ‘लक्ष’ जेथे ‘लक्ष’ आहे तेथे त्याला कृपया ‘य’ जोडू नये.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव